उत्तरेच्या वाटेवर पाच वाव पाणी

अमावास्येनंतरचा पाचवा दिवस
(बंदरावरच्या सभेत वाचलेलं पत्र. एक प्रत राजधानीत, चुलतभावाला.)

बंदरावरच्या वाटाड्यांनो, दोर वळणाऱ्या बायांनो, शिडं शिवणाऱ्यांनो,

दहा वर्षं आपल्या सगळ्यांना एकच गोष्ट सलते आहे आणि दहा वर्षं आपण मूग गिळून बसलो आहोत. परक्यांनी आपले सात वाटाडे जहाजाच्या डोलकाठीवर टांगले. गुन्हा काय? त्यांची जहाजं बंदरात आणायला नकार दिला, एवढाच. तीन दिवस ती प्रेतं किनाऱ्यावरून दिसत होती. त्यांतला पहिला माझा दादा. त्याला जेटीवरून उचलून नेलं. दरबारानं तेव्हा निषेधाचा खलिता पाठवला. त्याचं अक्षर फार सुंदर होतं म्हणे.

आता तेच आरमार पुन्हा येतं आहे. जहाजं पाच, आरमारप्रमुख तोच. भाषा मात्र या वेळी गोड आहे. त्यांचा वकील राजधानीत बसून म्हणतो, ‘आम्ही तुमचं रक्षण करू.’ कोणापासून, हे कोणी विचारत नाही. शेजारच्या तीन राज्यांचं त्यांनी असंच रक्षण केलं. आज त्या तिन्ही किल्ल्यांवर कोणाचा झेंडा आहे ते आपल्या खलाशांना विचारा. एका राजाला तर स्वतःच्या दिवाणखान्यात जायला परक्या शिपायाची परवानगी लागते.

आपला राजा अजून डळमळतो आहे. पण राजानं सही केली काय, न केली काय, किल्ल्यापर्यंत पोचायला त्यांना पाणी लागेल. बंदराच्या तोंडाशी सगळा चिखल. मोठं जहाज जाईल अशा वाटा दोनच. दक्षिणेची वाट किल्ल्याच्या तोफांखालून येते. उत्तरेची वाट आपल्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, आणि तिचे नकाशे फक्त आपल्या घरांत आहेत. वकील तेच मागतो आहे. देऊ नका. दरबाराचा माणूस आला तरी देऊ नका.

आणि एक शेवटचं. ज्यानं दहा वर्षांपूर्वी परक्यांना ती सात माणसं दाखवून दिली, तो अजून आपल्यातच कुठेतरी जेवतो-झोपतो आहे. त्यानंही हे ऐकून ठेवावं. मी त्याला शोधते आहे.

तुमची,
दोरखान्यातली ताई


अमावास्येनंतरचा नववा दिवस
नकाशा कचेरी, राजधानी

ताईस नमस्कार.

तुझं पत्र कचेरीत मोठ्यानं वाचलं. मुख्य कारकुनाच्या हातातली दौत लवंडली. बंदरावर तुला उगीच ‘तोफ’ म्हणत नाहीत. पण ताई, तोफ एकदा डागली की तिला पुढचं काही दिसत नाही. धाकटा भाऊ म्हणून चार शब्द लिहितो, चिडू नकोस.

तू पाच जहाजं मोजलीस. मी इथे त्यांच्या वकिलाशेजारी दुभाषा म्हणून बसतो, मी त्यांच्या तोफा मोजल्या आहेत. तीनशे वीस. आपल्या किल्ल्यावर एकेचाळीस, त्यांतल्या नऊ गंजलेल्या. लढाई झाली तर बंदर दुपारच्या आत जळेल. तुझा दोरखाना सगळ्यात आधी, कारण डांबर तिथे आहे. ते शांतपणे आत आले, किल्ल्यात दोनशे माणसं ठेवली, की प्रश्न मिटला. राजा राहील, दरबार राहील, तू तुझे दोर वळत राहशील. झेंडा म्हणजे शेवटी कापडच.

दादाचं मलाही दुःख आहे. माझा सख्खा नसला तरी मी त्याच्याच खांद्यावर बसून पोहायला शिकलो. पण खरं सांगू? त्या दिवशी पिंपात दडून बसण्याऐवजी तो समोर येऊन दोन शब्द बोलला असता, तर आज आपल्यात असता. मी राजधानीत होतो, नाहीतर मीच मध्ये पडलो असतो.

आता कामाचं. काकांनी काढलेला उत्तरेच्या वाटेचा नकाशा तुझ्याकडे आहे. तो मला दे. फक्त मला. रक्त न सांडता हे सगळं पार पडेल आणि तुझ्या घराला कोणी हात लावणार नाही, हा माझा शब्द. पत्र वाचून झालं की जाळून टाक.

तुझा भाऊ


अमावास्येनंतरचा बारावा दिवस

प्रिय बोरूबहाद्दर,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तीनशे वीस तोफा! इथे सभेत आम्ही नुसते ओरडतो, मोजत कोणी नाही. तू म्हणतोस त्यावर दोन दिवस विचार केला. थकले रे मी. आई गेली, दादा गेला, आणि ओरडून ओरडून माझा घसा गेला.

नकाशा सोबत पाठवते आहे. मेणकापडात गुंडाळून, दोऱ्यांच्या गठ्ठ्यात घातला आहे, म्हणजे वाटेत कोणी उघडून बघणार नाही. आकडे पौर्णिमेच्या पूर्ण भरतीचे आहेत. सगळ्यात उथळ जागा मधोमध आहे, तिथे पाच वाव पाणी.

सभेला यातलं काही कळता कामा नये. कळलं तर ते माझेच दोर माझ्या गळ्यात घालतील.

जेवत जा वेळेवर.

तुझी ताई


पौर्णिमेनंतरचा दुसरा दिवस

ताई,

तू शहाणी निघालीस! मला खात्री होती. नकाशा पोचला. काकांचं अक्षर लगेच ओळखलं. तो पाचाचा आकडा, पोट सुटलेल्या माणसासारखा, त्यांच्याशिवाय कोणाचाच नाही.

पण एक अडचण. मी कचेरीत बसत असलो तरी वाटाड्यांच्याच घरचा आहे. वाव म्हणजे दोन्ही हात पसरून होईल तेवढं अंतर, आणि प्रत्येक घर आपल्या माणसाच्या हातांनी दोरी मापून तिला गाठी मारतं. ज्या दोरीनं मोजलं त्या दोरीशिवाय नकाशातला आकडा अर्धाच. हे त्या आरमारप्रमुखाला समजावताना माझी दमछाक झाली. त्यांच्याकडे एक पितळी दांडी आहे, सगळ्या देशाचं माप तिच्यावर. ‘तुमचं माप माणसागणिक बदलतं?’ असं विचारून तो मिनिटभर हसत होता. त्याला मोजून द्यायला दोरी हवी. ती पाठव ना.

भाऊ


पौर्णिमेनंतरचा पाचवा दिवस

अरे,

दोरी देणार नाही. नकाशा दिला, तेवढ्यानंच माझी झोप उडाली आहे. दोरी घराबाहेर जात नाही, हे लहानपणी तुलाही शिकवलं होतं. बाबांनी तर त्यासाठी तुझ्या पाठीत एकदा धपाटा घातला होता.

आणि तुला दोरी हवीच कशाला? बाबांचे हात तू पाहिले आहेस. सारं बंदर त्यांना ‘वल्ह्या’ म्हणायचं. उंबऱ्यात उभं राहून ते खुंटीवरचा सदरा काढायचे, आणि आई म्हणायची, ‘तुमचे हात आधी घरात येतात, तुम्ही मागून.’ तू नकाशा कचेरीतला एवढा मोठा माणूस. तूच काढ अंदाज.

ताई


त्यापुढच्या पौर्णिमेनंतरचा पहिला दिवस
परक्यांच्या मोठ्या जहाजावरून
(पांढरं निशाण लावलेल्या होडीतून आलेलं)

ताई,

हे काय झालं? काल भर दुपारी, ऐन भरतीला, वाजंत्री वाजवत आम्ही उत्तरेच्या वाटेनं आत शिरलो. मी सुकाणूपाशी नकाशा घेऊन उभा होतो. या जहाजाला चार वावांहून थोडं जास्त पाणी लागतं, त्यांच्या दांडीनं. नकाशात पाच. काकांच्या लांब हातांचे पाच म्हणजे दांडीनं साडेपाच, असं मी स्वतः लिहून दिलं होतं. आरमारप्रमुखानं माझ्या पाठीवर थाप मारली. आणि त्याच क्षणी पायाखालची फळी मागे ओढल्यासारखं झालं. वाजंत्रीवाले एकमेकांवर पडले. मोठा ढोल समुद्रात गेला. मागून येणारी चारही जहाजं दोन्ही बाजूंच्या चिखलात रुतली.

वर्षातली सगळ्यात मोठी भरती होती ती. आता पाणी रोज कमी चढणार. पुढच्या अमावास्येपर्यंत, म्हणजे चौदा दिवस, आम्ही इथेच. सगळी जहाजं इतकी कलली आहेत की तीनशे वीसांतल्या निम्म्या तोफा ढगांकडे बघतात आणि उरलेल्या चिखलाकडे. काल संध्याकाळपासून तुमची माणसं टेकडीवर किल्ल्यातल्या तोफा ओढून नेताना दिसताहेत.

इथे सगळे माझ्याकडे बघतात. काकांची चूक झाली असेल का? मोजताना दोरी वाकडी गेली असेल? सांग ना. मला त्यांना काहीतरी सांगावं लागणार आहे.

भाऊ


पौर्णिमेनंतरचा तिसरा दिवस

बोरूबहाद्दर,

बाबांच्या मापात चूक काढू नकोस. त्यांचा एकही आकडा चुकलेला नाही. उत्तरेच्या वाटेवर पाच वाव पाणी आहे. फक्त ते माझ्या हातांचे पाच आहेत.

तू राजधानीत शिकायला गेलास त्या वर्षी बाबा शिडीवरून पडले आणि त्यांचा खांदा निखळला. हात खांद्याच्या वर जाईना. वादळानंतर वाट पुन्हा मोजायची होती. दोरी मापायला हात पसरले ते मी. मी बारा वर्षांची होते. बाबा आकडे लिहीत होते म्हणून अक्षर त्यांचं. माझ्या तेव्हाच्या हातांचे पाच वाव म्हणजे मोठ्या माणसाचे जेमतेम पावणेचार. ती दोरी आजही माझ्या उशाशी आहे आणि दर वर्षी मी तिनंच मोजते. नकाशाबद्दल मी तुला एक शब्दही खोटा लिहिलेला नाही. पत्रं काढून बघ. बाबांचे हात तू पाहिले आहेस एवढंच मी म्हटलं. पाहिलेच आहेस.

आता विचारशील, का केलं. ऐक.

दादाला जेटीवरून उचललं, असं सारं बंदर समजतं. कारण मी तसं सांगितलं. माझा दादा, ज्याला मी सभेत वाघ म्हणते, तो डांबरखान्यातल्या रिकाम्या पिंपात गुडघे पोटाशी घेऊन बसला होता, हे मला लोकांना कळू द्यायचं नव्हतं. लाज वाटली. दहा वर्षं ती लाज मी एकटीनं बाळगली. पिंपाचं माहीत होतं मला आणि आईला. आई आता नाही. परक्या शिपायांना माहीत होतं, कारण कोणीतरी त्यांना सरळ त्या पिंपापाशी आणून उभं केलं. आणि आता तू लिहितोस, ‘पिंपात दडून बसण्याऐवजी.’ राजधानीत होतास ना रे? राजधानीतून आमच्या डांबरखान्यातलं पिंप दिसतं?

ते वाक्य वाचलं तेव्हा माझ्या हातात वळत असलेला दोर होता. तो मी सोडला नाही. त्या दिवशीचं काम पूर्ण केलं, सभेत जाऊन नेहमीसारखी गरजले, मग घरी येऊन नकाशा बाहेर काढला. तुझ्या एकट्याच्या जिवासाठी मी नकाशा दिला नसता. तुझ्याबरोबर पाच जहाजं येणार होती, म्हणून दिला.

आरमारप्रमुखाला काय सांगायचं ते तुझं तू बघ.

ताई


पौर्णिमेनंतरचा सहावा दिवस
मोठ्या जहाजावरून, मासे विकणाऱ्या म्हातारीच्या टोपलीतून

ताई,

हो. मीच.

मी त्या दिवशी दुभाषा म्हणून त्यांच्याबरोबर आलो होतो. तू ताट घेऊन डांबरखान्यात जाताना मला दिसलीस. त्यांनी शब्द दिला होता की नुसते धाक दाखवून सोडू. बाकीच्या सहा जणांची घरंही मीच दाखवली. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि मला कचेरीत वर चढायचं होतं. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. शोधलं, सापडत नाही.

तुझं पत्र मी गिळलं, अक्षरशः. कागद कडू लागतो. आरमारप्रमुखाला सांगितलं की चिखल सरकला. त्याचा अर्धा विश्वास बसला आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी त्यानं डोलकाठीवर दोर बांधून ठेवला आहे. अमावास्येच्या भरतीला तोफा पाण्यात टाकून जहाज हलकं करायचं आणि निसटायचं, असा बेत आहे. बाहेर गेले की आणखी दहा जहाजं घेऊन परत येतील, आणि दक्षिणेच्या वाटेवरचा किल्ला भाजून काढतील.

मला उतरवून घे. एक होडी पाठव. मी तुझ्या पाया पडतो.

भाऊ


पौर्णिमेनंतरचा आठवा दिवस

होडी येईल. पण आधी तू काम करायचं.

दोर वळणाऱ्या बाईचं नीट ऐक. सुकाणूचं चाक आणि सुकाणू यांच्यामध्ये एक जाड दोर असतो, खालच्या मजल्यावर, मागच्या बाजूला. जहाज अमावास्येला तरंगलं की लगेच नाही, पूर्ण सुटून परत वाटेच्या तोंडाशी आलं, बाहेर वळू लागलं, की तो दोर तोडायचा. तसला जाड दोर एका घावात तुटत नाही. आधी दोन दिवस तीन पदरांतले दोन कापून ठेव, वर डांबर फासून ठेव. मग पाण्यात उडी टाक. पोहायला तुला दादानं शिकवलं आहे.

दोर तुटला नाही तर होडी येणार नाही. आणि तुटला तर मी तुला माफ करेन, असंही समजू नकोस.


अमावास्येनंतरचा दुसरा दिवस
किल्ल्यातली कोठडी

ताई,

तोडला. तू पाहिलंसच. तुझ्या होडीनं मला पाण्यातून उचलून इथे आणलं. बाकीची चार चिखलातून सुटायच्या आत मोठं जहाज पुढे आलं, आडवं फिरलं आणि उत्तरेच्या वाटेच्या तोंडात बुचासारखं बसलं. मागची चार जहाजं आत अडकली, टेकडीवरच्या तोफांच्या अगदी खाली. आरमारप्रमुखाची तलवार किल्लेदाराला देतानाही भाषांतर मीच केलं. ‘आम्ही किंवा आमच्यानंतर आमचं कोणीही या किनाऱ्याच्या नजरेस पडणार नाही,’ हे वाक्य त्याच्या भाषेत फार वाईट वाटतं ऐकायला. शेजारच्या राज्यातून खबर आहे की तिथल्या एका किल्ल्यावरचा परका झेंडा लोकांनी उतरवला.

दरबारातून पत्र आलं आहे. राज्य वाचवल्याबद्दल मला मोकळं केलं आहे. नकाशा कचेरीचा मुख्य म्हणून नेमणूकही. परवा सकाळी दरबाराची नाव मला न्यायला येईल. जाण्याआधी एकदा भेटशील का? मी जे केलं ते आता फिटलं, असं तुझ्या तोंडून ऐकायचं आहे.

भाऊ


अमावास्येनंतरचा तिसरा दिवस
(बंदरावरच्या सभेला)

वाटाड्यांनो,

सगळी पत्रं सोबत आहेत. त्याची, आणि मी ठेवलेल्या माझ्या पत्रांच्या नकला. कोणीतरी मोठ्यानं वाचा. माझा दादा पिंपात लपला होता, तेही वाचा. भीती वाटलेल्या माणसानं बाहेर काढल्यावरही वाट दाखवायला नाही म्हटलं. तो वाघ होता की नाही ते तुम्ही ठरवा, मला आता लपवायचं काही नाही.

दरबार म्हणतो, या माणसानं राज्य वाचवलं. दोर त्यानं तोडला, हे खरं आहे. मी ते नाकारत नाही. डोलकाठीवर स्वतःसाठी बांधलेला फास बघून तोडला, हेही खरं आहे. उद्या राजधानीत त्याला शाल देतील, त्याची कचेरी मोठी करतील, आणि दहा वर्षांनी शाळेतली पोरं घोकतील की नकाशा कचेरीच्या एका हुशार माणसानं परक्यांना फसवलं. सात जणांची नावं कोणी घोकणार नाही. ज्यांनी चौदा दिवस टेकडीवर तोफा ओढल्या, ज्यांचे तळहात अजून सोलवटलेले आहेत, त्यांचीही नाही.

काल मी कोठडीत जाऊन आले. गजांच्या अलीकडे उभी राहिले. तो म्हणाला, ‘ताई, फिटलं ना?’ मी म्हणाले, ‘मला काय विचारतोस? माझा एकच दादा गेला. उरलेल्या सहा घरांना विचार.’ तो म्हणाला, ‘त्यांच्यासमोर उभं राहायला सांगू नकोस. त्यापेक्षा फाशी दे.’ तेव्हा मला कळलं की सूड कुठे आहे.

मला त्याचं रक्त नको आहे. त्याला डोलकाठीवर टांगून तीन दिवस किनाऱ्याला दाखवावं असं मला दहा वर्षं वाटत होतं. आजही हे लिहिताना वाटतं आहे. पण टांगलेला माणूस बोलत नाही. मला तो बोललेला हवा आहे. सभेच्या चौथऱ्यावर, दिवसाढवळ्या, सात घरांच्या बायका-पोरांसमोर त्यानं एकेक नाव घ्यावं आणि प्रत्येक नावापुढे सांगावं, कोणत्या दारापाशी उभं राहून बोट दाखवलं. सात दारं. एकही वगळू देणार नाही. तोवर तो या बंदरातून हलता कामा नये, मग राजाची आज्ञा असो नाहीतर राजा स्वतः येवो. परक्यांपुढे मान न वाकवलेलं बंदर आपल्याच दरबाराच्या कागदापुढे वाकवणार असेल, तर आपण वाचवलं काय?

परक्यांचं मोठं जहाज अजून उत्तरेच्या तोंडात आडवं आहे. दक्षिणेच्या वाटेवर भरतीनं वाहून नेलेल्या तुटलेल्या डोलकाठ्या, फुटक्या फळ्या, दोरांचा गुंता. तुमच्यापैकी कोणी पुढे बसल्याशिवाय आज या बंदरात होडीसुद्धा शिरू शकत नाही, हे दरबाराला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे.

उद्या सकाळी भरतीबरोबर दरबाराची नाव त्याला न्यायला तोंडाशी येऊन थांबेल आणि वाटाड्यासाठी निशाण वर करेल. तुम्ही सगळे घाटावर या, पायऱ्यांवर बसा, आणि एकानंही तिला वाट दाखवायला जाऊ नका.